डोक्याला तेल

शालिकने परातीतून हात बाहेर काढला आणि तसाच ओला हात डोक्यावरून मागे फिरवला. कपाळापासून मानेपर्यंत, सावकाश. मग पुन्हा परातीत घातला.

"काहून रे, डोकं खाजवते का?" मी विचारलं.

"सवय आहे बापा," तो म्हणाला आणि परात फिरवू लागला.

सवय. ही त्याची सवय मी पावसाळा सरल्यापासून पाहत होतो, पण त्या सकाळी ती डोळ्यात कुसळ जावं तशी खुपली. आम्ही दोघं बावनथडीच्या पात्रात पोटरीभर पाण्यात उभे होतो. ऊन नुकतं अंगावर येत होतं आणि शालिकच्या केसांवर खोबरेल तेल नुसतं चमकत होतं. इतकं तेल, की एखाद्या बाईने त्यात चार भजी तळून घेतली असती.

आमच्या या नादाची गावात चांगली टिंगल चालायची. मी वीज मंडळातून निवृत्त झालेला कारकून, शालिक राइस मिलमधून. निवृत्त झाले की लोक देवळात जाऊन बसतात, नाहीतर सुनेच्या चुका काढतात. आम्ही परात आणि घमेलं घेऊन नदीवर जायचो आणि रेती धुवायचो. सोन्यासाठी. हसू नका. आमच्या भागात सोनझरी लोक पिढ्यान्पिढ्या रेती धुऊन सोनं काढायचे, लहानपणी मी त्यांना काढताना पाहिलंय. रेती परातीत घ्यायची, वर पाणी घ्यायचं आणि गोल गोल हलवायचं. हलकी रेती काठावरून वाहून जाते, जड काळी रेती तळाशी राहते, आणि नशीब असलं तर त्या काळ्या रेतीच्या शेपटीला पिवळा ठिपका दिसतो. मोहरीचे दहा तुकडे केले तर त्यातला एक, एवढा. तो ओल्या बोटावर उचलायचा आणि होमिओपॅथीच्या बाटलीत झटकायचा.

हे उचलायचं काम शालिकचं. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मी रेती भरायचो, पहिली धुलाई करायचो आणि परात त्याच्या हाती द्यायचो. बाटली मात्र माझ्या खिशात असायची.

नाद असला तरी त्याला कारण होतं. माझी नात रेवा, तिचे कान टोचायचे होते. आम्ही जातीचे सोनार. बापूंचं तुमसरच्या सराफा ओळीत दुकान होतं, मागे कारखाना होता. ते बुडालं आणि मी विजेची बिलं लिहीत जन्म काढला. पण बापूंची मूस, फुंकणी, ऐरण, सगळं मी जपून ठेवलं होतं. नातीच्या कानात पहिली तार जाईल ती आमच्या नदीच्या सोन्याची आणि आमच्याच घरात ओढलेली, असं मी पोराला सांगून बसलो होतो. होळीनंतरचा दिवस ठरला होता. बाटलीतलं सोनं तोवर पुरलं नाही तर सगळ्या सोयऱ्यांत माझं हसं होणार होतं.

आणि सोनं ज्याच्या बोटावरून बाटलीत येत होतं, तो माणूस सारखा डोक्यावरून हात फिरवत होता.

सोनाराच्या घरच्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. बापूंच्या कारखान्यात एक कायदा होता. कामाला येताना डोक्याला तेल लावायचं नाही आणि डोक्याला फडकं बांधल्याशिवाय बैठकीवर बसायचं नाही. कारण कानस चालवताना सोन्याचा कीस बोटाला चिकटतो. तेच बोट तेल लावलेल्या केसांतून फिरवलं की कीस केसांत. घरी जाऊन परातीवर डोकं धुतलं की झालं. ना खिसा तपासून सापडत, ना धोतर झटकून.

हा कायदा आमच्या घराला फार महाग पडला होता. एका वर्षी कारखान्यात घट वाढली. दिलेलं सोनं आणि झालेला दागिना यांचा मेळच बसेना. सगळे कारागीर फडकं बांधायचे, शालिकसुद्धा. तो तेव्हा बापूंच्या हाताखाली शिकणारा तरुण कारागीर होता. बांधायचा नाही तो एकटा माझा थोरला भाऊ अंबादास. दादाला केसांचा भारी शौक. तेल लावून, भांग पाडून, कपाळावर झुलूप सोडून तो बैठकीवर बसायचा. मालकाचं पोर, त्याला कोण बोलणार? शेवटी बापूच बोलले. एका सकाळी सगळ्यांसमोर त्यांनी दादाला परातीवर वाकवलं, शिकेकाई लावून गरम पाण्याने त्याचं डोकं धुतलं आणि ते पाणी निवळू दिलं. तळाशी सोनं होतं. थोडंसंच, पण होतं. दादा उठला. टॉवेलही न घेता ओल्या डोक्याने घराबाहेर पडला, तो बालाघाटला गेला. मी तेव्हा शाळेत होतो. परातीशेजारी उभा राहून सगळं पाहत होतो. पाणी ओतायला शालिक होता.

बापू गेले तेव्हा दादा आला होता. घरात आला नाही, स्मशानात दूर उभा राहिला. थोरला जिवंत असून अग्नी मी दिला. त्यानंतर आमचं बोलणं नव्हतं.

त्या सकाळी नदीवरून घरी आलो आणि शकुनला सगळं सांगितलं. माझी बायको तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"तुम्ही सोनाराचे पोर, अन् दुसऱ्याच्या हाती परात देऊन बगळे मोजत बसता," ती म्हणाली.

"शालिक तसा नाही. बापूंच्या हाताखाली वाढलेला माणूस आहे."

"कुंपणानं शेत खाल्लं तर ते कुंपण शेतातलंच असते ना? त्याच्या बोटातली अंगठी कुठी गेली?"

"कोणती अंगठी?"

"दसऱ्याले सोनं द्यायला आला तेव्हा बोटात होती. संक्रांतीले आला तेव्हा नुसता पांढरा पट्टा होता. ज्याच्या बोटातलं सोनं गेलं त्याले सोन्याची गरज असते. अन् तुमच्या ऑपरेशनले तो काहून आडवा येते, याचा विचार केला का कधी?"

हे मात्र खरं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरने तारीख द्यायची तयारी दाखवली, की शालिक काहीतरी काढायचा. थंडीत करू नको, जखम भरत नाही. उन्हाळ्यात करू नको, धूळ जाते. एकदा तर म्हणाला, "दिसते ना तुले एवढं? मग पुरे झालं." मला वाटायचं, काळजीने बोलतो. आता वाटलं, माझे डोळे चांगले व्हावेत असं याला का वाटत नाही?

संशय ही वस्तू पायात मोडलेल्या काट्यासारखी असते. चाललं की दुखते, बसलं की आपण तिलाच चाचपत बसतो. पुढचे काही दिवस मी नदीवर रेती पाहिलीच नाही, शालिकचा हात पाहिला. परातीत, डोक्यावर, परातीत. एवढं उघड्यावर, माझ्या नाकासमोर, आणि तेही माझ्या नातीच्या कानातलं. एकदा वाटलं, बखोटीला धरून विचारावं. पण चारचौघांत चोर ठरवून एका माणसाला आमच्या घराने आधीच घालवलं होतं. मला पुरावा हवा होता.

तो कसा मिळवायचा हे शकुननेच सांगितलं.

"मामंजी असते तर त्यांनी काय केलं असतं?" ती म्हणाली. "फडकं बांधलं असतं. बांधा अन् पाहा. केसांत जाणारं सोनं बाटलीत आलं, की कळलंच."

दुसऱ्या दिवशी मी नवा पंचा घेऊन गेलो. नदीवर पोचल्याबरोबर शालिकपुढे धरला.

"ऊन चढते आजकाल. डोक्याले बांध."

त्याचा घमेल्याकडे गेलेला हात तिथेच थांबला.

"नको. मले गरम होते."

"बांध म्हणतो ना."

माझा आवाज मलाच बापूंसारखा वाटला. त्यालाही वाटला असावा. त्याने माझ्याकडे पाहिलं, पंचा घेतला आणि मुकाट्याने डोक्याला घट्ट बांधला. शिकाऊ कारागीर बांधतात तसा, कानावरून.

आम्ही रेती धुवायला लागलो. मी आज ढग पाहिले नाहीत, बगळे पाहिले नाहीत. रोज आम्हाला दहा-बारा कण सहज मिळायचे. चोराचं डोकं बांधल्यावर दुप्पट तरी मिळायला पाहिजेत, असा माझा हिशेब होता. पहिली परात धुतली. काळी रेती, बाकी काही नाही. दुसरी, तिसरी. जागा बदलली, वळणावरची रेती घेतली, खडकाच्या खाचेतली घेतली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा बाटलीत एकच कण पडला होता. चपटा, झिजलेला, बिचारा एक कण.

मी परात हातात धरून उभा राहिलो. चोराचे हात बांधले की तिजोरी भरायला पाहिजे. इथे तर तिजोरीच रिकामी झाली होती.

"शालिक, फडकं सोड."

"राहू दे ना मोरूभाऊ."

"सोड."

त्याने सोडलं. मी जवळ गेलो आणि त्याच्या तेलकट केसांतून माझा तळहात फिरवला. मग तो हात डोळ्यांना अगदी भिडवून उन्हात धरला. मोतीबिंदू असला तरी एवढं दिसत होतं. तळहातावर पिवळी धूळ चमकत होती.

सापडला, असं मनात आलं. आणि लगेच पुढचं आलं. डोकं तर सकाळपासून बांधलेलं होतं. नदीचा एक कणही त्यात गेला नव्हता. मग हे सोनं डोक्यात आलं कुठून?

"घरून आणतो हे?" मी विचारलं.

शालिक मटकन वाळूत बसला. त्याने नुसत्या ओंजळी भरभरून रेती इकडची तिकडे केली.

"हो," तो म्हणाला.

"काहून?"

"नेलं तसंच आणतो आहे. दुसऱ्या रस्त्यानं आणायची हिंमत नव्हती."

मला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. मी म्हटलं, "नीट सांग."

"रोज सकाळी अंगठी थोडी कानसतो अन् तेलावर लावतो. इथं आलो की बोटानं परातीत. अंगठी संपली. आता घरवालीची, ती वारली तिची, एक बुगडी आहे. नातीचे कान होईपर्यंत पुरली असती." त्याने नाक पुसलं. "ऑपरेशन केलं असतं तर तू ओळखलं असतं. नदीचं सोनं चपटं असते, कानशीचं वळलेलं. सोनाराच्या पोराले काय सांगायचं?"

"म्हणजे बापूंच्या कारखान्यात..."

"मी. फडक्याखाली तेल लावून यायचो. फडकं बांधलं आहे म्हटल्यावर खाली कोण पाहते? बापूंनी कधी सोडून पाहिलं नाही. डोकं खाजवल्यासारखं करायचं अन् कडेनं बोट आत घालायचं."

"अन् दादाच्या डोक्यात निघालं ते?"

"त्या बैठकीवर बसणाऱ्या कोणाच्याही डोक्यात तेवढं निघालं असतं. बापूंचं धुतलं असतं तर बापूंच्याही निघालं असतं." तो थांबला. "पाणी मी ओतत होतो, मोरूभाऊ. वाटलं, आता बापू म्हणतील, शालिक, आता तू वाक. त्यांनी म्हटलंच नाही. त्या दिवसापासून मी कणाले हात लावला नाही. भीतीच बसली."

हे ऐकलं आणि मीही वाळूत बसलो. कारण दादा घरातून गेला आणि घट थांबली, हाच तर आमच्या घरचा पुरावा होता. आई कधी दादाची आठवण काढून रडायला लागली, की बापू एवढंच म्हणायचे, पोरगं गेलं अन् घट थांबली, अजून काय पाहिजे तुला? मीही तेच ऐकत मोठा झालो. घट थांबली होती ती हा माणूस भ्यायला म्हणून.

खोटं कशाला सांगू, त्या घडीला शालिकला मानेला धरून त्याच पाण्यात बुडवावं असं मला वाटलं. म्हातारा झाला होता, रडत होता, तरी वाटलं.

"सोनं कोणी मागितलं होतं तुले?" मी म्हटलं. "सोनं घेऊन काय करू मी? माझा दादा आण."

त्याने पंचा उचलला आणि त्याची घडी घालू लागला.

"उद्या बालाघाटची पहिली एसटी पकडायची. तूही यायचं. मी तोंड उघडणार नाही. सोनारानं कान टोचलेले बरे म्हणतात, पण यात सोनाराचं काम नाही. हे तूच बोलायचं."

शालिक आला. मला वाटलं होतं, रात्रीतून पळेल. पण स्टँडवर माझ्या आधी येऊन उभा होता, धुतलेला सदरा घालून.

बालाघाटला दादाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तो पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत होता. पाठ वाकलेली, हात काळे. आणि डोकं पार भादरलेलं. झुलूप सोडणाऱ्या माझ्या दादाचं ते डोकं पाहून मला आधी तो ओळखूच आला नाही. नंतर वहिनीने सांगितलं, घर सोडल्यापासून त्याने केस कधी बोटभर वाढू दिले नाहीत, आणि तेलाचं बोट लावलं नाही.

त्याने आम्हाला ओळखलं. बसा म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. ट्यूब पाण्यात फिरवत राहिला.

शालिक उभ्यानेच बोलला. नदीवर मला सांगितलं तेवढंच, जास्त नाही, कमी नाही. रडला नाही, पाया पडला नाही. त्याचं बोलून संपलं तेव्हा ट्यूबमधून पाण्यात बुडबुडे येत होते आणि दादाचं तिकडे लक्ष नव्हतं.

"शालिक," दादा म्हणाला, "पाणी फार गरम होतं रे."

एवढंच. मग त्याने ट्यूब बाहेर काढली, फडक्याने पुसली आणि भोकावर पेन्सिलीने खूण केली.

थोड्या वेळाने त्याने मला विचारलं, "बापूंना हे कळलं नसेलच."

"नाही."

"म्हणजे ते मला चोर समजूनच गेले."

मी मान खाली घातली. दादा उठला आणि तिथल्या पोलादी डब्यातली सगळे पेचकस आणि पाने एकेक करून नीट लावत बसला. वहिनीने चहा आणला. शालिकने पेला हातात धरला, प्यायला नाही.

निघताना मी म्हटलं, "दादा, रेवाचे कान टोचायचे आहेत. तार तू ओढायची, अन् टोचायचंही तू. थोरला तू आहे."

"माझ्या हाताची सवय गेली आता. सायकलीचे नट पिळणारा हात आहे."

"गेली तर गेली. तूच ये."

"पाहू," तो म्हणाला.

तो येईल असं मला वाटत नव्हतं. शकुनला मात्र वाटत होतं. तिने आदल्या दिवशीच बापूंची ऐरण धुऊन, हळदकुंकू लावून ठेवली. सकाळी मी दारात उभा होतो तर दादा आणि वहिनी रिक्षातून उतरले. दादाने घराकडे नुसतं पाहिलं. मग चपला उंबऱ्याबाहेर, लहानपणी काढायचा त्याच कोपऱ्यात काढल्या आणि आत आला. समोरच्या नालीवरच्या पुलावर शालिक बसलेला होता. त्याला मी बोलावलं नव्हतं. दादाने त्याला पाहिलं.

"त्याले चहा पाठव," तो शकुनला म्हणाला. आत बोलाव असं म्हणाला नाही.

दादाच्या आंघोळीआधी मी वाटीत तेल घेतलं. शकुन लावायला आली होती, मी तिच्या हातातून वाटी काढून घेतली. तेल चुलीवर धरलं, मग माझ्या मनगटावर एक थेंब टाकून पाहिला. जरा जास्त वाटलं म्हणून निवू दिलं. पुन्हा पाहिलं.

दादा पाटावर बसला होता. मी त्याच्या मागे बसलो आणि ते तेल त्याच्या भादरलेल्या डोक्यावर घातलं. त्याचे खांदे एकदम आक्रसले.

"कोमट आहे," मी म्हटलं.

मग त्याने खांदे सोडले. मी दोन्ही हातांनी त्याचं डोकं चोळलं. कानामागे, मानेवर, टाळूवर. तेल गालांवर ओघळत होतं. ते सगळं तेलच होतं असं नाही. शकुन आत निघून गेली. त्या सगळ्या सकाळी ती एकच वेळ गप्प होती.

आंघोळ झाल्यावर मी पुन्हा तेल लावलं. मुद्दाम, चांगलं चोपडून. दादा नको म्हणाला नाही.

बाटलीतलं सगळं सोनं मी मुशीत ओतलं. नदीचं चपटं, शालिकने आणलेलं वळलेलं. दादाने टाकणखार टाकला, फुंकणी तोंडाला लावली आणि दोन्हीकडचं सोनं एकमेकांत गेलं. कोणतं कुणाचं ते आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

गोळा निवला. दादाने हातोडी उचलली आणि हात तसाच अधांतरी धरला. त्याने इकडे तिकडे पाहिलं, बैठकीखाली चाचपलं.

"काय पाहतो?" मी विचारलं.

"फडकं," तो म्हणाला. "डोक्याले बांधायले. तेल लावलं आहे ना तू."

"राहू दे," मी म्हटलं. "तसाच बस."